कडीचा तांब्या

सातारा,
९ जानेवारी २०२३

चि. जवाहर यास अनेक आशीर्वाद.

परत फोन करू नकोस म्हणून हे पत्र. काल तू अर्धा तास फोनवर ओरडत होतास आणि मला एवढंच कळलं, की कुणीतरी 'पोचलं'. मग जिनेशनं सांगितलं, माझ्या ट्रंका पोचल्या का म्हणून तू विचारत होतास. पोचल्या. माझे कान गेले, डोळे शाबूत आहेत, तेव्हा आता कागदावर बोल. जन्मभर शाळेतल्या पोरांना निबंध लिहायला लावलेस, आता चार ओळी स्वतः लिही.

जिनेश आणि कीर्ती माझं सगळं बघतात. आपला सन्मती गेला, पण त्याच्या मुलानं आत्याला घरी ठेवून घेतलं, यात सगळं आलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. डोंगर चांगला आहे, पण त्याचं पाणी शेंदता येत नाही.

विसाव्या वर्षी नवरा गेला आणि मी हिंगणापूरच्या आपल्या घरी परत आले. ब्याऐंशीव्या वर्षी तिथून बाहेर पडले. घर ज्या न्यासाला दिलं, त्याच्या लोकांनी वीस पानं वाचून दाखवली, त्यातलं मला एक वाक्य कळलं, 'घर जसे आहे तसे जतन केले जाईल.' त्या वाक्यावर आणि तुझ्या शब्दावर मी सही केली. हिस्सा मागितला नाही, दागिना मागितला नाही. एकच अट घातली आणि ती तू सगळ्यांसमोर बोलून दाखवलीस. मधल्या चौकातला आड उघडा राहील, आपल्या कामाची रंगुबाई रोज एक घागर शेंदून गाळेल आणि जिवाणी परत सोडेल, आणि चातुर्मासात मी माझ्या स्वयंपाकघरात येऊन राहीन.

रंगुबाई आपल्यातली नाही, म्हणून निघण्याआधी आठ दिवस मी तिला शिकवलं. दुपदरी गाळण्यातून पाणी गाळायचं. गाळण्यात जे डोळ्यांना न दिसणारे जीव अडकतात, ते गाळणं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं तांब्यात उतरवायचे, तीच जिवाणी. मग तो कडीचा तांब्या दोन दोऱ्यांवर हळूहळू आडात सोडायचा. वरून ओतायचं नाही, जीव पडून मरतात. पाण्याला टेकला की तळाच्या कडीची दोरी ओढून उपडा करायचा. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत. हे सांगितल्यावर रंगुबाई म्हणाली, "आवं अक्का, मानसं तरी कुठं जगत्यात दुसऱ्या पान्यात?" तेव्हा मी हसले होते.

तर बाकीचं राहू दे. आड रोज शेंदला जातो का, तेवढं कळव.

तुझी
अक्का


सांगली,
२ फेब्रुवारी २०२३

ती. अक्कास,
जय जिनेंद्र. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी पोस्टमनला चहा पाजला. त्याला वाटलं मला पेन्शनचा फरक मिळाला! आजकाल हातानं लिहिलेलं पत्र येतं कुणाला?

अक्का, तू आता घर बघायला हवंस. पुण्याहून रेश्मा नावाची मुलगी आली आहे, जुनी घरं दुरुस्त करण्याचं शिकलेली. सागवानाच्या एकेका तुळईला तिनं खडूनं क्रमांक घातलाय. भिंतींवरचा तेलरंग खरवडून खालचा चुना वर काढलाय. पणजोबांनी हळदीच्या व्यापारातून हे घर बांधलं तेव्हा जसं दिसत असेल, तसं ते दिसायला लागलंय. तुझ्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक भांडं तिनं पुसून, फोटो काढून, यादीत घेतलं. तुझा चिमटासुद्धा! न्यासाचे वीरधवलराव म्हणाले, "गुरुजी, पंचक्रोशीत असं सांस्कृतिक केंद्र नाही." ओसरीवर ग्रंथालय होणार, माडीवर भजनाचा आणि चित्रकलेचा वर्ग, चौकात कार्यक्रम. मला स्थानिक समितीचा अध्यक्ष केलंय. माझा मुलगा बंगळुरूला, जिनेश साताऱ्याला, त्या घरात दिवा लावायला कोण राहिलं होतं? कुणी लग्नाचा हॉल काढला असता. त्यापेक्षा हे सोन्यासारखं झालं.

मोठ्या काकूंची गोष्ट मी त्यांना सांगितली. बेचाळीसनंतर भूमिगत लोक आपल्याकडे लपायला यायचे ती. दारावर पाटी लागणार आहे, 'येथे क्रांतिकारकांना रात्री-अपरात्री भोजन मिळे.'

आडाची काळजी सोड. आड आहे तिथं आहे आणि आता तर कुणाचा पाय घसरायचीसुद्धा भीती राहणार नाही.

तुझा
जवाहर


सातारा,
११ जून २०२३

चि. जवाहर यास आशीर्वाद.

चार महिने गुडघ्यानं लोळवलं, म्हणून उत्तर राहिलं. तुझी दोन पत्रं मधे आली. दोन्हीत तुळया आहेत, चुना आहे, वीरधवलराव आहेत. रंगुबाई नाही.

आधी ती पाटी बदलून घे. मोठ्या काकूंनी जन्मात कुणाला रात्री जेवायला घातलं नाही. दिवस मावळला की चूल बंद. ते लोक अंधार पडल्यावर यायचे आणि उपाशी बसायचे. एकजण म्हणाला, "बाई, उजाडेपर्यंत पोलीस येतील." काकू म्हणाल्या, "मग पोलिसांनापण उजाडल्यावरच वाढीन." त्या घराचं मोठेपण हे आहे आणि तुम्ही नेमकं त्याच्या उलट लिहून ठेवलंत. तू तर गोष्ट ऐकतच वाढलास.

आता माझं सांगते. मुनिमहाराजांकडून मी नियम घेतला त्याला चाळीस वर्षं झाली. हातानं शेंदलेलं विहिरीचंच पाणी, गाळून. इथं गोडोलीत एका मळ्यात विहीर आहे. जिनेश रोज सकाळी ऑफिसच्या आधी स्कूटरवरून कळशी आणतो आणि जिवाणी परत नेऊन सोडतो, असं तो सांगतो. पहिले दोन महिने ते खरं होतं. एप्रिलपासून पाण्याला औषधाचा वास येतो. खाली पार्किंगमधल्या नळावर तो कळशी भरतो, दहा मिनिटं थांबतो आणि घाम पुसत वर येतो. मी म्हातारी झाले, दुधखुळी नाही. पण त्या पोराच्या तोंडाकडे बघून मी ते पाणी गाळते आणि पिते. माझा नियम मोडलाय हे त्याला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, दोघंही बोलत नाही.

म्हणून मला घरी यायचंय. २ जुलैला आषाढ चतुर्दशी आहे. चार महिने तरी माझा नियम खरा पाळू दे. मरायच्या आधी एवढंच माझं राहिलंय. गाडी पाठवू नकोस, जिनेश एसटीत बसवून देईल, मला सांगली स्टँडवर उतरवून घे.

अक्का


सांगली,
१८ जून २०२३

ती. अक्कास,
जय जिनेंद्र.

घाईत लिहितो. या वर्षी येऊ नकोस. स्वयंपाकघराची फरशी उखडलीय, पाय टाकायला जागा नाही आणि पावसात काम रेंगाळणार. पुढच्या वर्षी नक्की. तुझी खोली, तुझी चूल, सगळं तयार करून बोलावतो.

रंगुबाई रोज येते. काल मी स्वतः उभा राहून पाहिलं, जिवाणी तिनं अगदी तू शिकवलीस तशी सोडली. मन शांत ठेव. पाटीचं बघतो.

जवाहर


सातारा,
६ फेब्रुवारी २०२४

चि. जवाहर,

उद्घाटन झालं म्हणे. कीर्तीनं पेपरातलं वाचायला दिलं. थंडी आहे, प्रवास झेपणार नाही, म्हणून मला कळवलं नसशील. असू दे. लग्नाच्या पंगतीत विधवेला मागं ठेवतात, त्याची सवय मला जुनी आहे.

जिनेशनं मोबाईलवर फोटो दाखवले. घर सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू? तुळया काळ्याभोर चमकतात. तू फेट्यात होतास. फेटा तुला अजून बांधता येत नाही.

एक फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. रात्रीचा आहे. मधल्या चौकात एक मुलगी नाचते आहे. मागं आपला रहाट दिसतो, त्याला झेंडूची माळ गुंडाळली आहे. ती मुलगी बरोबर रहाटाखाली उभी आहे आणि तिच्या पायांखालून उजेड वर येतो आहे.

रहाटाखाली आड आहे, जवाहर. मग तिचे पाय कशावर होते?

अक्का


सांगली,
१ मार्च २०२४

ती. अक्कास,
जय जिनेंद्र.

तुझे डोळे खरंच शाबूत आहेत!

अगं, ती काच आहे. जाड, हत्ती उभा राहिला तरी फुटायची नाही अशी. रेश्माची कल्पना. लोकांना आड वरून आतपर्यंत दिसावा, त्याचं दगडी बांधकाम, तळचं पाणी, म्हणून आत दिवे सोडलेत. परवा एक म्हातारे गृहस्थ वाकून बघत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या गावचा आड बुजवला म्हणे. आपला निदान राहिला!

आणि काळजी करू नकोस. काच फक्त कार्यक्रमापुरती असते. रोज सकाळी बाजूला सरकवतात, रंगुबाई तिचं काम करते, मग परत लावतात. तुझी अट मी विसरलेलो नाही.

तुझा
जवाहर


सातारा,
१९ मे २०२४

जवाहर,

रंगुबाई येऊन गेली. वडूजला लेकीकडे निघाली होती, साताऱ्यात एसटी बदलायची होती, तर पत्ता विचारत विचारत तीन मजले चढून आली. पदराला शेंगा बांधल्या होत्या, त्या माझ्यासमोर ठेवल्या आणि माझ्या पायाशी बसून रडली. माझ्या कानाशी तोंड आणून बोलली, तेव्हा सगळं कळलं.

मी विचारलं, "काच सकाळी किती वाजता सरकवतात?"

ती म्हणाली, "कसली सरकती, अक्का? चार बाजूंनी गच्च बशीवलीया. चौघं लागलं तरी हालायची न्हाई. लय जड हाय. तुमी गेला आन दोन म्हयन्यात बशीवली."

दोन महिन्यांत. म्हणजे मार्च तेवीसला. जूनमध्ये तू 'स्वतः उभा राहून' पाहिलंस तेव्हा काच तिथं होती.

मग तिनं पुढचं सांगितलं. तिला काच पुसायच्या कामावर ठेवलंय. "रोज सकाळी फडकं मारती. खाली बघवत न्हाई. रातभर दिवं चालू असत्यात नव्हं? बाजूला बोटभर फट ठिवलीया, वाफ धरू नये म्हनून. तिथनं किडं आत जात्यात दिव्याला. सकाळच्याला पान्यावर निस्ता थर. पावसाळ्यात तर पानीच दिसत न्हाई."

चार पिढ्या त्या आडातला एकेक जीव आपण फडक्यात धरून परत नेऊन सोडला. आजारी असताना सोडला, घरात मयत झालं त्या दिवशी सोडला. आई वारली तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. तुला आठवतं का, आत तिला झाकून ठेवलं होतं आणि मी चौकात तांब्या सोडत होते? तू माझा पदर धरून विचारलंस, "अक्का, आज पण?" मी म्हटलं, आज पण. त्या आडावर तुम्ही दिवे लावून रोज रात्री जीव मारता आणि वर लोकांना दाखवता.

जाताना ती दारातून परत आली आणि कानाशी म्हणाली, "मी माझं काम सोडल्यालं न्हाई बरं, अक्का. तुमास्नी सबूद दिलाय." मला वाटलं, काच पुसायच्या कामाबद्दल बोलते आहे.

तू खोटं का लिहिलंस, एवढं सांग. खरं लिही. मला सांभाळून घेत खोटं बोलायला इथं जिनेश आहेच.

चंदनबाला


सांगली,
३ जून २०२४

ती. अक्कास,

तू पत्राखाली 'अक्का' लिहिलं नाहीस. ते पाहून मी दोन दिवस जेवलो नाही.

खरं लिहितो. समितीच्या पहिल्याच बैठकीत आडाचा विषय निघाला. उघडा ठेवता येणार नाही, शाळेच्या सहली येणार, एखादं पोर पडलं तर जबाबदारी कुणाची? रेश्मा म्हणाली, बुजवण्यापेक्षा काच बरी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुझी अट माझ्या जिभेवर होती. त्याच बैठकीत पाच मिनिटांपूर्वी त्यांनी मला अध्यक्ष केलं होतं, हार घातला होता, तो गळ्यातच होता. मी म्हटलं, "ठीक आहे." एवढंच झालं, अक्का. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. बहात्तराव्या वर्षी मला पहिल्यांदा कुणी खुर्चीत बसवलं होतं आणि मला उठवेना.

पुढं एकेका पत्रात एकेक थाप वाढत गेली. पहिलं खोटं तुला दुखवू नये म्हणून लिहिलं, बाकीची पहिलं उघडं पडू नये म्हणून.

आता मी भांडलो आहे. दिवे अकरानंतर बंद करायचं त्यांनी मान्य केलं. काच निघणार नाही, तिचा खर्च मोठा आहे. रात्री मुक्कामाला कुणालाच परवानगी नाही, चूलही पेटवता येत नाही, नियमात बसत नाही.

पण एक गोष्ट मी मिळवली. २० जुलै, आषाढ चतुर्दशी, शनिवार. त्या दिवशी केंद्रात 'घरातल्या परंपरा' असा कार्यक्रम आहे. तुझ्या स्वयंपाकघरात तू बसायचंस आणि पाणी कसं गाळतात, जिवाणी कशी काढतात ते लोकांना दाखवायचं. रेश्मा तुला भेटायला अगदी उत्सुक आहे. तुझ्याच भांड्यांनी, तुझ्याच जागेवर, अक्का! गाडी मी पाठवतो. हे तरी मला करू दे. नाही म्हणू नकोस.

जवाहर


सांगली,
२२ जुलै २०२४

ती. अक्कास,
जय जिनेंद्र.

तू आलीस! मला अजून खरं वाटत नाही. शनिवारी तुझ्याशी नीट बोलणंही झालं नाही, पाहुण्यांना ओसरीवरून हलताच येईना, आणि मी आत येतो तोवर तुझी गाडी निघालीसुद्धा. पण चौकातून टाळ्या ऐकू आल्या आणि माझा ऊर भरून आला. वीरधवलराव म्हणाले, "गुरुजी, आजचा खरा कार्यक्रम तुमच्या अक्कांचा झाला." रेश्मानं व्हिडिओ केलाय, हजारो लोकांनी पाहिला म्हणे. दर महिन्याला एका शनिवारी तू यावंस अशी सगळ्यांची इच्छा आहे.

तू मला माफ केलंस असं मी समजतो. दीड वर्षात काल पहिल्यांदा मला शांत झोप लागली.

तुझाच
जवाहर


सातारा,
८ ऑगस्ट २०२४

चि. जवाहर यास,

टाळ्या कशाच्या होत्या ते तुला सांगायला हवं. तू ओसरीवर होतास.

मी सकाळी नऊला पोचले. दारावरची पाटी तीच आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लाल दोरी बांधली होती. रेश्मानं ती सोडून मला आत घेतलं आणि परत बांधली. पोरगी वाईट नाही. तिनं माझे हात हातात घेतले. कानाशी वाकून म्हणाली, "आजी, तुमच्या घरातलं एक भांडंही आम्ही हलू दिलं नाही." खरंच होतं. चिमटा चुलीच्या उजव्या अंगाला होता, मी ठेवायचे तिथंच. चुलीत राख नव्हती, चुन्यानं सारवली होती. माझ्या पाटावर क्रमांक होता.

पाणी कुठं आहे विचारलं, तर त्यांनी प्लास्टिकचा मोठा जार आणला. दुकानातलं पाणी. मी म्हटलं, "बाळ, यात काही नाही." ती म्हणाली, "लोकांना फक्त पद्धत बघायचीय, आजी." आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. इथं आडात होतं आणि पोहरा जारमध्ये बुडवायचा होता. मी बसले. दोरीपलीकडे तीसचाळीस माणसं, सगळ्यांचे मोबाईल वर. मी मेलेलं पाणी गाळलं. गाळणं उलटं केलं. ज्यात एकही जीव नाही असं पाणी मी कडीच्या तांब्यात उतरवलं.

इथं थांबायचं होतं, असं रेश्मानं सांगितलं होतं. पण हात थांबले नाहीत. बासष्ट वर्षांची सवय. मी तांब्या घेऊन उठले, दोरीखालून वाकून चौकात गेले, रहाटापाशी उभी राहिले आणि तांब्या खाली सोडला. मला काच दिसली नाही असं नाही. दिसली. तरी सोडला. दीड हात दोरी गेली आणि तांब्या काचेवर टेकला. मला आवाज ऐकू आला नाही, पण हाताला कळलं. टेकला की तळाची दोरी ओढायची, एवढं हातांना माहीत. मी ओढली. तांब्या उपडा झाला, पाणी काचेवर पसरलं आणि खालच्या दिव्यानं चमकलं.

तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली असावी की परत एकदा करा, कारण रेश्मा मला तशी खूण करत होती. मी परत केलं. कुणाला नाही म्हणायचं बळच नव्हतं माझ्यात.

दुपारी रंगुबाईनं मला कोपऱ्यात नेलं. तिला काही दाखवायचं होतं. तिच्या पिशवीत कापडात बांधलेला तांब्या होता, साधा स्टीलचा. कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, आडाचं पानी काय मिळंना. मग मी आमच्या दारच्या बोरचं पानी धरती, तुमी शिकवलं तसं गाळती, आन ते रोज हितं आणून ह्या फटीतनं सोडती. दीड वरीस झालं, एक बी दीस चुकवला न्हाई. लेकीचं बाळंतपण होतं तवा सुनंला शिकवून गेल्ते." आणि माझ्यासमोर तिनं तो तांब्या त्या बोटभर फटीत ओतला. सरळ, वरून. पाणी तीस हात खाली पडलं. दुसऱ्या पाण्यातले जीव, एवढ्या उंचीवरून. मी शिकवलेल्या दोन गोष्टी होत्या, वरून ओतायचं नाही आणि पाणी बदलायचं नाही. त्या दोन्ही ती मोडत होती, मला दिलेला शब्द पाळण्यासाठी. शब्द दिला नसता तर बोरचं पाणी तिनं नुसतं पिऊन टाकलं असतं. मी तिला शिकवलं आणि दीड वर्ष ती रोज जीव मारते आहे, माझ्यासाठी.

तिनं परत कानाशी येऊन विचारलं, "जगत असत्याल नव्हं, अक्का?"

मी म्हटलं, "जगतात."

ती पोरीसारखी हसली. एवढं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी तिला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसले.

तू लिहिलं होतंस, रंगुबाई रोज जिवाणी सोडते, मी स्वतः पाहिलं. तू ते थाप म्हणून लिहिलंस आणि ते खरं निघालं. तुला ते माहीतही नव्हतं. आणि मी, जी तुला खोट्यासाठी वाटेल ते बोलले, एका शब्दात तुझ्यापेक्षा मोठं खोटं बोलून आले. तुझ्या खोट्यानं माझं मन दुखलं. माझ्या खोट्यानं उद्या सकाळी परत जीव मरतील, परवाही मरतील. तिला खरं सांगायला मी दोनदा कागद घेतला. लिहवत नाही. तूही सांगू नकोस. त्या घरात अजून जीव वाचतात असं वाटणारं तेवढंच एक माणूस उरलंय. ते पाप माझं, तिचं नाही.

तेव्हा तुझ्यावर रागवायचा हक्क आता मला राहिला नाही. तू समजतोस तशी ती माफी नव्हे. राग धरायला माणसाकडे काहीतरी शिल्लक लागतं.

मी परत येणार नाही. व्हिडिओ आहे, तोच दाखवत जा. माझा फोटो भिंतीवर लावू नका. कडीचा तांब्या मी मागणार होते, पण त्याच्या तळाला कडीजवळच क्रमांक चिकटवलाय, तेव्हा राहू दे तिथं.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले, नळाखाली पेला धरला आणि न गाळता पाणी प्याले. संध्याकाळी जिनेशला कळलं तेव्हा त्याला हुंदका आवरेना. बिचाऱ्याला किती ओझं झालं होतं! आता सकाळी तो वीस मिनिटं उशिरा उठतो. गाळणं मी धुऊन, घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवलंय. कीर्ती म्हणाली, "आत्या, निदान गाळून तरी प्या." तिला काय सांगू? जे अडकेल ते परत नेऊन सोडायला जागा नसेल, तर गाळून मी त्यांना नेऊ कुठं?

तुझी
अक्का